यहुदी धर्मशास्त्र आणि आपली न्यायासने : प्रस्तावना

ज्या कायद्याच्या पाठीशी सरकारचा शिक्का नाही, ज्याची बजावणी करण्यास बेलीफ निघत नाही आणि ज्याची कलमे आपल्या विधिमंडळाने कधी चर्चेस घेतली नाहीत, तरीही विवाह टिकला की तुटला, स्त्री पुनर्विवाहास मोकळी झाली की नाही, तिच्या पोटी जन्मलेल्या मुलास समाजात मानाचे स्थान आहे की नाही, हे ज्याच्या आधाराने श्रद्धावान कुटुंबे आजही ठरवितात, अशा कायद्याशी आधुनिक न्यायव्यवस्थेने कोणत्या नात्याने वागावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. यहुदी लोक आपल्या या धर्मशास्त्रास हलाखा म्हणतात. जगाच्या पाठीवर अनेक राष्ट्रांच्या न्यायालयांपुढे तो वेळोवेळी उभा राहिला. पण महाराष्ट्राच्या न्यायालयांपुढे तो ज्या वेषात आला, त्याची हकीकत मराठी वाचकाला जवळची असूनही फारशी परिचित नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील वकील, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक डोळ्यांपुढे ठेवून मी ती येथे मांडली आहे.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड यांचा यहुदी धर्मशास्त्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासाच्या दप्तरातच आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात दांपत्यांपासून आपला वंश वाढला, अशी ज्यांची परंपरागत समजूत आहे, जे तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी ज्यांस ‘शनवार तेली’ म्हटले, आणि केहीम, पेण, दिवे, रोहे अशा गावांवरून ज्यांनी केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावे धारण केली, ते बेने इस्राएल लोक कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत मोठ्या संख्येने भरती झाले. शिरूर ही त्या फौजेची नामांकित छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली तुकडी आदल्या रात्री येथूनच कूच करून निघाली होती, आणि तेथील स्तंभावरील मृतांच्या नावांत एखाददुसरे नाव बेने इस्राएल शिपायाचे असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे पलटणींची जागा आगगाडीने घेतली. दौंड हे जंक्शन झाले, आणि रेल्वे, टपाल व इस्पितळे या खात्यांत नोकरी धरलेल्या या समाजाची कुटुंबे बदलीच्या हुकुमाबरोबर घाटावरच्या गावोगाव फिरू लागली. पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून १८६७ साली पुरे झालेले, लोकांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ म्हणून रुळलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, आणि रास्ता पेठेतील १९२१ चे सुक्कथ शेलोमो सिनेगॉग, ही या वस्तीची दृश्य साक्ष आहे. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक हिब्रूसोबत मराठी भाषांतर देऊन छापले गेले आणि त्यातील चित्रांत स्त्रिया लुगड्यांत दाखविल्या गेल्या. ज्या समाजाने आपला देव मराठीत आळविला, त्याचा कायदा मराठी माणसास परका वाटण्याचे कारण नाही.

हलाखाचे स्वरूप समजण्यास आपल्या वाचकास एक मोठी सोय आहे. श्रुती, स्मृती, टीका आणि निबंध ही ज्याच्या अंगवळणी पडलेली उतरंड आहे, त्याला यहुदी शास्त्राची रचना फोड करून सांगावी लागत नाही. मोशेच्या नावाने प्रसिद्ध असलेले पाच ग्रंथ हे मूळ. इसवी सन २०० च्या सुमारास यहूदा हा-नासी याने संकलित केलेली मिश्ना ही स्मृती. तिच्यावर बाबिलोनच्या विद्यापीठांत शतकानुशतके चाललेल्या वादसंवादाचा संग्रह म्हणजे तालमूद. बाराव्या शतकात मैमोनिदेस याने केलेला सुव्यवस्थित संहिताग्रंथ, आणि योसेफ कारो याचा १५६५ साली व्हेनिस येथे छापलेला शुल्हान आरुख हे निबंध. आपल्याकडे मिताक्षरा आणि व्यवहारमयूख यांचा एका मुद्द्यावर मतभेद झाला म्हणजे मुंबईच्या न्यायाधीशांना ज्या पद्धतीने मार्ग काढावा लागे, त्याच पद्धतीने यहुदी पंडितही पूर्वसूरींच्या मतांची तुलना करून निर्णय देतात. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास ज्याने चाळला आहे, त्याला तालमूदातील युक्तिवाद वाचताना घरी आल्यासारखे वाटेल.

परंतु एका बाबतीत हे शास्त्र आपल्याहून वेगळ्या परिस्थितीत वाढले. यहुद्यांचे राज्य लयास गेल्यावर सुमारे दोन सहस्र वर्षे हा कायदा परक्या सत्तांच्या छत्राखाली नांदला. तिसऱ्या शतकात बाबिलोनमधील शमुएल नावाच्या आचार्याने असा दंडक घालून दिला की, राज्याचा कायदा हा धर्मदृष्ट्याही बंधनकारक आहे. कर, जमिनीचे दस्तऐवज, बाजारातील देणी-घेणी यांत राजाज्ञा मानावी. मात्र काय निषिद्ध व काय विहित, कोण कोणाची पत्नी, हे प्रश्न धर्माकडेच राहावेत, अशी ही वाटणी होती. लौकिक आणि धार्मिक या दोन अधिकारांची सीमा आखण्याचा हा प्रयत्न किती शहाणपणाचा होता, आणि ती सीमा विवाहाच्या उंबरठ्याशी येऊन किती धूसर होते, हे ध्यानात आले म्हणजे पुढचा सारा वाद उलगडतो.

कोकणातील बेने इस्राएल समाजात रब्बी नव्हते. काही नेमक्या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेले काजी लग्ने लावीत आणि तंटे तोडीत. पुढे सिनेगॉगे उभी राहिल्यावर मुकादम, चौगुले, हज्जान अशा मानकऱ्यांची जमात त्यांच्याबरोबर बसू लागली. नावे मोगल व मराठी अमलातील, कारभार पंचायतीच्या वळणाचा, आणि श्रद्धा सिनाय पर्वताची, असा हा संगम होता. घटस्फोट आणि विधवाविवाह या गोष्टी भोवतालच्या मराठी समाजाप्रमाणेच त्यांच्यातही विरळ होत्या. हा साधा सामाजिक तपशील पुढे किती महागात पडला, ते यथाक्रम येईल.

पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांतात जो दिवाणी कायदा आला, तो १८२७ चा, एल्फिन्स्टन यांच्या अमदानीत सिद्ध झालेला. त्यातील चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमाने न्यायाधीशास पायऱ्या आखून दिल्या : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने, ती नसतील तर ज्या मुलखात दावा उत्पन्न झाला तेथील रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच न मिळाल्यास न्याय, समबुद्धी व सदसद्विवेक. शिरूरच्या छावणीतील बेने इस्राएल शिपायाचा दावा समजा तेव्हाच्या मुनसफापुढे आला असता, तर प्रतिवादीचा कायदा या पायरीने हलाखास तेथे रीतसर प्रवेश होता. अडचण होती ती सांगणाऱ्याची. हिंदूंचा कायदा सांगण्यास न्यायालयात शास्त्री आणि मुसलमानांचा सांगण्यास काजी १८६४ पर्यंत सरकारी पगारावर असत. यहुद्यांसाठी असा अधिकारी नव्हता. दख्खनच्या हिंदू जातींचे आचार आर्थर स्टील याने एकत्र करून ग्रंथबद्ध केले. तसे भाग्य या लहान समाजाच्या वाट्यास आले नाही. जो कायदा मान्य आहे पण सांगण्यास कोणी नाही, तो पक्षकाराच्या उपयोगी पडत नाही.

वारसाहक्काच्या क्षेत्रात राज्याने लवकरच निराळा मार्ग धरला. १८६५ च्या इंडियन सक्सेशन अ‍ॅक्टाखाली, आणि त्याच्या जागी आलेल्या १९२५ च्या कायद्याखाली, यहुदी लोक आले. याचा अर्थ एका उदाहरणाने सांगतो. दौंडास नोकरीत असलेला एक यहुदी गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. मागे विधवा, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आणि त्याच्या ठेवीसाठी वारसा दाखल्याचा अर्ज दिवाणी न्यायालयात दाखल झाला. हलाखाप्रमाणे मिळकतीचे तीन भाग होतील, ज्येष्ठ पुत्र दोन घेईल, धाकटा एक. मुलगे असताना मुलीस वारसा नाही, तिला पोषण व विवाहखर्च. आणि विधवेस तिच्या केतुबात, म्हणजे विवाहाच्या करारपत्रात, लिहिलेली रक्कम व निर्वाह. सक्सेशन अ‍ॅक्टाप्रमाणे मिळकतीचे नऊ हिस्से केले, तर तीन विधवेस आणि दोन-दोन तिन्ही मुलांस, मुलगा-मुलगी असा भेद न करता. म्हणजे हिंदू मुलीस बापाच्या मिळकतीत वारस म्हणून स्थान १९५६ च्या कायद्याने, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, त्याच्या कितीतरी आधी कायद्याच्या कागदावर यहुदी मुलगी भावाच्या बरोबरीस बसली होती. येथे राज्याच्या कायद्याने धर्मशास्त्रास बाजूस सारले, आणि मिळकत हा लौकिक विषय असल्यामुळे शमुएलाच्या दंडकाने श्रद्धावानासही ते सोसता आले.

विवाहाची गोष्ट मात्र निराळी. पारशी व ख्रिस्ती विवाहांसाठी स्वतंत्र कायदे झाले. यहुदी विवाहासाठी झाला नाही, आजही नाही. १८७२ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट होता, पण त्याचा आश्रय घेणाऱ्यास आपण यहुदी, हिंदू, मुसलमान इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. यहुद्यांना धर्म न सोडता नागरी विवाह करण्याची वाट १९५४ च्या कायद्याने उघडली. या मधल्या काळात, १९२६ साली, ‘बेंजामिन विरुद्ध बेंजामिन’ हा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पत्नी घटस्फोट मागत होती. कोणत्याही अधिनियमात तिच्यासाठी कलम नव्हते. न्यायमूर्ती क्रंप यांनी असा निर्णय दिला की, यहुदी पक्षकारांचा घटस्फोटाचा दावा ऐकण्याचा या न्यायालयास अधिकार आहे आणि तो त्यांच्याच कायद्यास अनुसरून निकालात काढला पाहिजे. लेखी अधिनियमाच्या अभावी स्त्रीला दारातून परत पाठविण्याऐवजी तिच्या धर्मशास्त्राचा शोध घेऊन तिला न्याय देण्याची ही तयारी मला आपल्या न्यायपरंपरेतील अत्यंत अभिमानास्पद गोष्ट वाटते. पुढे १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी, व्यक्तिगत धर्मकायदे संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदातील ‘अंमलात असलेले कायदे’ या संज्ञेत येत नाहीत, असे ठरविले; त्या निर्णयाच्या छायेत हा अलिखित यहुदी कायदाही आजवर राहिला आहे.

आता या साऱ्या प्रश्नाचा जो गाभा, तो जवळून पाहिला पाहिजे. हलाखाप्रमाणे विवाह हा न्यायाधीशाच्या शब्दाने मोडत नाही. पतीने स्वेच्छेने, लेखकाकरवी, त्याच विशिष्ट स्त्रीसाठी म्हणून लिहविलेले, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे गेट नावाचे सोडपत्र पत्नीच्या हाती ठेवले, म्हणजेच ती मोकळी होते. हे पत्र अरामी भाषेत बारा ओळींत लिहिण्याचा प्रघात आहे. त्यात तिथी, पती-पत्नींची सर्व प्रचलित नावे यांबरोबर ज्या गावी ते लिहिले त्या गावाचे नाव, आणि ते गाव कोणत्या नदीवर व कोणत्या जलाशयांवर वसले आहे, हेही अक्षरशः लिहावे लागते. एका अक्षराच्या चुकीने पत्र शंकास्पद ठरू शकते. शिरूरास गेट लिहावयाचे झाले तर त्यात घोडनदीचा, आणि दौंडास लिहावयाचे तर भीमेचा उल्लेख हिब्रू लिपीत करावा लागेल. आणि जेथे पूर्वी कधी गेट लिहिले गेले नाही, अशा गावी नावाचे वर्णलेखन निश्चित नसल्याने ते लिहिण्याचे पंडित सहसा टाळतात. म्हणजे दौंडच्या स्त्रीने पुण्याच्या न्यायालयातून घटस्फोटाचा हुकूमनामा आणला, तरी धर्माच्या दृष्टीने तिची गाठ अर्धीच सुटते. पतीने गेट देण्याचे नाकारले, तर ती ‘अगुना’, म्हणजे अडकून पडलेली, राहते. तिने हुकूमनाम्याच्या आधारे दुसरा विवाह केला, तर त्यातील संतती शास्त्राने ‘मामझेर’ ठरते, आणि तिला बहुतेक यहुदी घरांशी विवाहसंबंध जोडता येत नाही. पुरुषाची अडचण याहून पुष्कळ सौम्य आहे. हा असमतोल शास्त्राच्या अंगीच आहे, आणि शास्त्रावर प्रेम करणाऱ्या अनेक यहुदी पंडितांनी तो दूर करण्यासाठी आयुष्ये वेचली आहेत.

याच गेटच्या प्रश्नाने बेने इस्राएल समाजाची अग्निपरीक्षा झाली. १९४८ नंतर इस्राएलात गेलेल्या या मराठी यहुद्यांना तेथे विवाहाचा अधिकार १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे सोपविलेला आढळला. कोकणात शतकानुशतके रब्बी नव्हते, तेव्हा पूर्वजांनी घटस्फोट शास्त्रोक्त दिले असतील कशावरून, आणि गेटविना पुनर्विवाह झालेच नसतील कशावरून, अशी शंका काही रब्बींनी काढली. प्रमुख रब्बी यित्झाक निसीम यांच्या कार्यकालात १९६२ साली विवाहनिबंधकांस सूचना गेल्या की, या समाजातील वधूवरांच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांच्या घरी घटस्फोट जवळजवळ होतच नव्हते, त्यांच्यावर घटस्फोट अशास्त्रीय झाल्याचा संशय यावा, यासारखा अन्याय कोणता? १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी जेरुसलेम येथे धरणे धरले; ऑगस्टमध्ये तेथील संसदेची खास बैठक भरली, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि महिनाअखेरीस रब्बींच्या सूचनांतून या समाजाचे नाव वगळले गेले. ज्या राज्यात धर्मशास्त्र हाच विवाहाचा राजमान्य कायदा होता, त्या राज्यात लोकांना आपल्या प्रतिष्ठेसाठी शेवटी संसदेचाच दरवाजा ठोठवावा लागला.

इतर राष्ट्रांनी या गाठीवर जे उपाय योजले, ते आपल्या विचारास साह्य करणारे आहेत. न्यूयॉर्क राज्याने १९८३ साली असा नियम केला की, धर्मविधीने विवाह लागला असल्यास घटस्फोट मागणाऱ्याने जोडीदाराच्या पुनर्विवाहातील, आपल्या हाती असलेले धार्मिक अडथळे दूर केल्याचे प्रतिज्ञेवर सांगावे. इंग्लंडने २००२ च्या कायद्याने न्यायालयास धार्मिक घटस्फोट होईपर्यंत नागरी हुकूमनामा रोखून धरण्याचा अधिकार दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली, गेट देण्याचे लेखी मान्य करून पंधरा वर्षे ते न देणाऱ्या पतीस नुकसानभरपाई देणे भाग पाडले. खुद्द इस्राएलात १९९५ पासून रब्बींच्या न्यायालयांस हट्टी पतीचा परदेशप्रवास, वाहनपरवाना, प्रसंगी स्वातंत्र्यही रोखता येते. यांपैकी एकाही लौकिक न्यायालयाने स्वतः रब्बी होण्याचा अट्टहास केला नाही. पक्षकाराच्या आचरणावर आपली अट मात्र घातली.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक पक्ष म्हणतो की, संविधानाच्या चव्वेचाळिसाव्या अनुच्छेदातील समान नागरी कायदा आला म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. पण १९५४ च्या कायद्याखाली यहुदी दांपत्याला आपला धर्मविधीने लागलेला विवाह आजही नोंदविता येतो, आणि परस्परसंमतीने घटस्फोटही घेता येतो. तरी त्या स्त्रीच्या मनावरील आणि समाजातील बंधन हुकूमनाम्याने सुटत नाही. समान कायद्याने हक्क समान होतील. श्रद्धा समान होणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, धर्माच्या घरात राज्याने पाऊल ठेवू नये. पण पती गेटचा उपयोग पोटगी सोडवून घेण्यासाठी किंवा मुलांचा ताबा मिळविण्यासाठी करू लागला, म्हणजे तो धर्माचा विषय राहत नाही. तो जुलमाचा विषय होतो, आणि जुलूम निवारणे हे तर राज्याचे पहिले कर्तव्य.

म्हणून माझे मत असे की, मिळकत, पोटगी आणि मुलांचे हित यांत राज्याचा कायदा निरपवाद असावा. विवाहबंधनाच्या धार्मिक स्वरूपाचा निर्णय राज्याने करू नये. परंतु जो पक्षकार लौकिक न्यायालयाकडून मुक्ती मागतो, त्याने समोरच्या पक्षालाही आपल्या हातातील बंधनातून मुक्त करावे, अशी अट न्यायालयाने हुकूमनाम्यास जोडावी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या कलमाने दिलेला अधिकार आणि १९२६ च्या निर्णयाने दाखविलेली वाट या बळावर, प्रस्तुत विषयावरील एखादे लहानसे कलम करणे विधिमंडळास अवघड नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली; त्या मान्यतेस अर्थ यावयाचा तर ती या समाजाच्या स्त्रीच्या उपयोगी पडली पाहिजे.

पुढील प्रकरणांत प्रथम शास्त्राची रचना, मग वारसा, विवाह व घटस्फोट, आणि शेवटी इस्राएल व इतर देशांतील अनुभव, असा क्रम ठेवला आहे. ज्यांना कायद्याची परिभाषा नवी आहे, त्यांनी विवाहावरील प्रकरण आधी वाचावे.

शिरूर-दौंडच्या माझ्या वकील मित्रांना एवढीच विनंती आहे. तुमच्या कचेरीत या समाजातील पक्षकार वर्षानुवर्षे येणारही नाही. पण ज्या दिवशी एखादी स्त्री येईल, त्या दिवशी तिला तिचा केतुबा आणावयास सांगा, गेट मिळाले आहे की नाही हे विचारा, आणि नसल्यास तडजोडीच्या पुरशिसीत ते देण्याची अट पहिल्या कलमात लिहून घ्या. कायद्याची दुरुस्ती होईल तेव्हा होवो. ही एक ओळ लिहिणे आजच तुमच्या हाती आहे.